समर्थन, सबब, निमित्त, खुलासा: जाब विचारल्यावर आपण नेमकं काय देतो?

आडवाट

एखाद्याला जाब विचारला की तो जे बोलतो त्याला मराठीत किती नावं आहेत बघा. कारण, सबब, निमित्त, बहाणा, खुलासा, स्पष्टीकरण, समर्थन, कैफियत, सारवासारव, मखलाशी. बातम्यांत आणि चर्चांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. "त्यांनी आपल्या कृत्याचे समर्थन केले" असं छापलेलं असतं आणि आत वाचलं तर त्या माणसानं फक्त "माझ्या लक्षात आलं नाही" एवढंच म्हटलेलं असतं. हे समर्थन नव्हे. उलट आहे.

माझ्या मते या शब्दांच्या गर्दीत दोन मुळातून वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली: हो, मी केलं, आणि त्या परिस्थितीत तेच करणं योग्य होतं. शेजारच्या बंद घरातून धूर येतोय, आत लहान मूल आहे, मी दार फोडलं. दाराचं नुकसान झालं हे मला मान्य, पण मी चुकलो हे मुळीच मान्य नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडीन. हे समर्थन.

दुसरी: झालं ते वाईटच झालं, पण त्याचा सगळा दोष माझ्या माथी मारू नका. अंधारात आपलं समजून मी दुसऱ्याची पिशवी उचलून नेली. पिशवी नेणं बरोबर होतं असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की मला ठाऊक नव्हतं. पुन्हा वेळ आली तर मी नक्की नेणार नाही.

पहिल्यात कृती बरोबर ठरते. दुसऱ्यात कृती चूकच राहते, माणूस तेवढा सुटतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली हा भेद फार नेमका मांडला होता: एकात जबाबदारी घेऊन कृतीचा वाईटपणा नाकारायचा, दुसऱ्यात वाईटपणा मान्य करून जबाबदारी पूर्ण घ्यायची नाही.

आता अडचण अशी की पहिल्याला आपल्याकडे "समर्थन" हा नीट शब्द आहे. दुसऱ्याला काय म्हणायचं? "सबब" म्हटलं की ऐकणाऱ्यानं ते खोटं ठरवलेलंच असतं. "बहाणा" तर उघडच खोटा. खरीखुरी, प्रामाणिक सबब असते तिला मराठीत नाव आहे की नाही?

पिंपळपान

चांगला विषय. "सबब" मुळात बदनाम नव्हता. अरबी शब्द, अर्थ साधा "कारण". जुन्या पत्रव्यवहारात तो त्याच अर्थानं येतो आणि आजही महसुली किंवा न्यायालयीन मराठीत तो शाबूत आहे. आदेशाच्या शेवटी "सबब, खालीलप्रमाणे आदेश पारित करण्यात येत आहे" असं असतं, तिथे सबब म्हणजे "म्हणून, या कारणास्तव". त्यात खोटेपणाचा लवलेश नाही. बोलण्यात मात्र "लंगडी सबब", "सबबी सांगू नकोस" यांनी त्याची पार वाट लावली.

"निमित्त"चं पण तेच. गीतेतलं "निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्" आठवा. तिथे निमित्त म्हणजे केवळ साधन. मराठीत तो तीन वाटांनी गेला. "वाढदिवसानिमित्त" मध्ये प्रसंग. "तो निमित्त झाला" मध्ये कर्ता नसलेला कर्ता, म्हणजे घडायचं ते घडणारच होतं, हा फक्त मध्ये आला. आणि "भांडायला निमित्तच हवं होतं" मध्ये दाखवायचं कारण, खरं वेगळंच.

सायली_म

पिंपळपान, यात "कारण" पण धरा. एकवचनात हा शब्द स्वच्छ आहे. "उशिराचं कारण सांग" यात मी ऐकायला तयार आहे. पण "कारणं सांगू नकोस" म्हटलं की दार बंद. नुसत्या अनेकवचनानं शब्द खोटा पडतो. एक कारण पुरेसं असतं, दुसरं तिसरं निघायला लागलं की समजायचं काय ते, हे भाषेनं बरोब्बर पकडलंय.

रानवारा

धागा आवडला, पण आडवाट यांचा भेद मला इतका सरळ वाटत नाही. प्रत्यक्षात माणूस दोन्ही एकदम म्हणतो. "मी ओरडलो कारण तो ऐकतच नव्हता, आणि शिवाय मी तेव्हा फार दमलो होतो." पहिलं अर्धं समर्थन, दुसरं अर्धं तुमची ती बिननावाची गोष्ट. मग याला काय म्हणणार?

आडवाट

@रानवारा, म्हणूनच तर भेद हवा. ओरडणं योग्य होतं असं म्हणत असाल तर दमल्याचा उल्लेख कशाला? योग्य गोष्ट करायला थकवा लागत नाही. आणि थकव्यामुळे ओरडलात असं म्हणत असाल तर "तो ऐकत नव्हता" हे सोडून द्या, कारण मग ओरडणं चूक होतं हे तुम्हीच मान्य केलंत. दोन्ही एका दमात सांगितलं की समोरच्याला कुठलंच खरं वाटत नाही. त्याला मनापासून माफ करायचं असलं तरी करता येत नाही, कारण माफ करण्यासारखं काही घडलं हे तुम्ही धड कबूलच केलेलं नसतं.

विभावरी_वकील

कायद्याच्या बाजूनं थोडं लिहिते, कारण हा भेद तिथे प्रत्यक्ष वापरात आहे, फक्त त्याला आपल्या संहितेत स्वतंत्र नावं नाहीत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत "सर्वसाधारण अपवाद" असं एक प्रकरण होतं, कलम ७६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच प्रकरण कलम १४ ते ४४ मध्ये आहे. त्यात सगळे एका रांगेत बसवलेत: सात वर्षांखालचं मूल, मनोविकल व्यक्ती, अपघात, वस्तुस्थितीबद्दलचा गैरसमज, मोठी हानी टाळण्यासाठी केलेली छोटी हानी, धमकीखाली केलेलं कृत्य, खाजगी संरक्षणाचा हक्क. सगळ्यांचा शेवट एकच, हा गुन्हा नव्हे.

पण आत डोकावलं की दोन जाती स्पष्ट दिसतात. स्वतःच्या बचावासाठी हल्लेखोराला ढकललं, हे समर्थन. सहा वर्षांच्या मुलानं दगड मारला, हे समर्थन नाही. दगड मारणं चांगलं असं कोणी म्हणत नाही, फक्त त्या मुलाला दोष देता येत नाही.

आणि याचा व्यवहारात फरक पडतो, नुसती शब्दांची कसरत नाही. मनोविकल माणूस सुरा घेऊन माझ्या अंगावर आला. तो गुन्हेगार नाही, कलम २२ त्याला वाचवतं. पण मग मला प्रतिकार करता येईल का? कलम ३६ म्हणतं, येईल. तो गुन्हेगार असता तर जेवढा हक्क होता तेवढाच पूर्ण हक्क मला आहे. उलट मी स्वतः कुणावर सुरा उगारला आणि त्यानं बचावासाठी मला ढकललं, तर "मी पण फक्त स्वतःचा बचाव केला" म्हणून मी त्याच्यावर उलटू शकत नाही, कारण त्याचं ढकलणं कायद्यानं योग्यच ठरतं. योग्य कृतीविरुद्ध बचावाचा हक्क उरत नाही. क्षम्य कृतीविरुद्ध उरतो. आडवाट यांनी काढलेली रेघ नेमकी इथून जाते.

नदीकाठ

वा, हे कलम ३६ चं उदाहरण फार आवडलं. "क्षम्य" हा शब्द तुमच्याकडून सहज आला, विभावरी. तोच आडवाट यांना हवा असलेला शब्द नाही का? समर्थनीय आणि क्षम्य.

विभावरी_वकील

विशेषण म्हणून चालेल. पण क्षम्य म्हणजे क्षमा करण्याजोगं, आणि क्षमा दोषी माणसाला करतात. सहा वर्षांच्या मुलाला न्यायालय क्षमा करत नाही, तो दोषीच नाही असं म्हणतं. त्यामुळे थोडं घसरतं. अजून चांगला शब्द मिळेपर्यंत मीही तोच वापरते.

जुना_कारकून

कचेरीच्या भाषेतून दोन शब्द टाकतो. आयुष्य त्यातच गेलं म्हणून यांच्याबद्दल आस्था आहे.

"कारणे दाखवा नोटीस" निघते तेव्हा कर्मचाऱ्यानं जे द्यायचं त्याला खुलासा म्हणतात. अरबीत खुलासा म्हणजे सार, निष्कर्ष. हिंदी बातम्यांत तो "भांडाफोड" झाला. मराठीत मात्र तो अजून सभ्य आहे. खुलासा मागवला म्हणजे अजून कोणी तुम्हाला दोषी धरलेलं नाही, तुमची बाजू कागदावर येऊ द्या एवढंच.

खुलाशाचा मजकूर ठरलेला असतो. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय खुलासा सादर करतो की, दिनांक अमुक रोजी कामाच्या व्यापामुळे सदर नोंद घेणे अनवधानाने राहून गेले. त्यामागे कोणताही गैरहेतू नव्हता. यापुढे अशी चूक होणार नाही याची दक्षता घेईन. तरी सदर खुलासा मान्य व्हावा, ही विनंती."

वाचा नीट. चूक मान्य आहे, हेतू नाकारलाय, कारण दिलंय, पुढची हमी दिलीय. आडवाट विचारतात ती प्रामाणिक सबब हीच. आणि समर्थनाचा खुलासा वेगळा असतो: "शासन निर्णयातील तरतुदीनुसारच कार्यवाही केलेली आहे. सबब नोटीस रद्द व्हावी." इथे दक्षता घेईन वगैरे काही नाही. ही दोन वाक्यं एकाच खुलाशात घालू नका, असं मी नव्या मुलांना कायम सांगत आलो. नियमानुसारच केलं असेल तर यापुढे होणार नाही कशासाठी लिहायचं?

दुसरा शब्द "अनवधानाने". त्याच्या आजूबाजूचे शब्द साहेब लोक फार बारकाईनं वाचतात. नजरचूक झाली तर सोडून देतात. हलगर्जीपणा झाला तर शेरा येतो. हेतुपुरस्सर असेल तर चौकशी लागते. कागदावर तीच एक चुकलेली नोंद असते, त्यावर कुठला शब्द बसतो यावर माणसाची बढती अडते.

सायली_म

जुना कारकून, तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

एक निरीक्षण. तुमच्या मजकुरात "नोंद घेणे राहून गेले" आहे, "मी नोंद घेतली नाही" असं नाही. मराठीत प्रामाणिक सबबीला नाम नसेल कदाचित, पण क्रियापदं भरपूर आहेत. मी पेला फोडला आणि माझ्या हातून पेला फुटला. मी विसरले आणि विसरायला झालं. फोडणे-फुटणे, पाडणे-पडणे, सांडवणे-सांडणे, तोडणे-तुटणे. या जोड्यांतला एक शब्द दोष घेतो, दुसरा नुसती घटना सांगतो. आणि "हातून" हा मधला रस्ता आहे. माझ्या हातून झालं म्हणजे मी तिथे होते, हात माझा होता, पण मनात नव्हतं. "माझ्याकडून चूक झाली" हेही तसंच. किती नेमकं आहे हे! जबाबदारी झटकलेली नाही आणि गुन्हा ओढूनही घेतलेला नाही.

लहान मुलं हे व्याकरण फार लवकर शिकतात. दोन भावंडांतल्या एकाला लागलं की तीन उत्तरं येतात. "मी नाही मारलं." "तिनेच आधी मारलं." "चुकून लागलं." नकार, समर्थन आणि तिसरं ते, ज्याला आपण नाव शोधतोय. तिसऱ्या उत्तरात मूल "मारलं" वरून "लागलं" वर येतं, तिकडे लक्ष द्या. कोणी शिकवत नाही हे.

खडीसाखर

सायली +१. "राहून गेलं" ला तोड नाही.

रानवारा

पण हीच क्रियापदं पळवाट पण आहेत ना! "निर्णय घेतला गेला", "चुका झाल्या", "नोंदी राहिल्या". कोणी घेतला, कोणाच्या झाल्या, पत्ता नाही. "हातून" निदान हात दाखवतो. "चुका झाल्या" मध्ये हातही नाही. संस्थांच्या निवेदनांत हेच असतं आणि वाचताना संताप होतो. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर घटना अशी उभी करायची जणू पाऊस पडला.

सायली_म

मान्य, पूर्णपणे. म्हणून मी "हातून" आणि "माझ्याकडून" वर जोर दिला. षष्ठी काढली की सबबीची सारवासारव होते.

पिंपळपान

सारवासारव वरून: सारवण्यात जमीन झाकली जाते, दुरुस्त होत नाही. तसंच हे. आणि ती बहुतेक स्वतःच्या चुकीची करतात. दुसऱ्याच्या चुकीवर "पांघरूण घालतात". दुसऱ्याच्या वतीनं समर्थन केलं तर "वकिली" किंवा "पाठराखण", विनंती केली तर "रदबदली". चूक करणारा, त्याला वाचवणारा आणि सोडून देणारा या तिघांना वेगळी क्रियापदं आहेत. सोडून देणाऱ्याची यादी मला सगळ्यात आवडते: गय करणं, कानाडोळा करणं, डोळेझाक करणं, चालवून घेणं, खपवून घेणं, पोटात घालणं.

यांत सुद्धा भेद आहेत. कानाडोळा करणाऱ्यानं चूक पाहिलीच नाही असं दाखवलं. खपवून घेणाऱ्यानं पाहिली, आवडली नाही, पण काही केलं नाही. "अपराध पोटात घाला" म्हणतो तेव्हा मात्र समोरच्यानं पाहिलंय, अपराध म्हणून ओळखलंय आणि तरी तो आत घेतलाय. ही खरी क्षमा. तिच्यासाठी कुठलीच सबब लागत नाही. सबब चालली असती तर क्षमेची गरजच नव्हती.

नदीकाठ

माफी आणि दिलगिरी पण येऊ द्या. "दिलगीर" फारसी, मनाला खंत वाटणारा. दिलगिरी व्यक्त करणारा माणूस आपल्याला वाईट वाटलं एवढंच सांगतो, चुकलो असं नाही. पाऊस आला म्हणून कार्यक्रम रद्द झाला तरी दिलगिरी व्यक्त करतात, आणि ते बरोबरच आहे. पण जिथे माफी मागायची तिथे दिलगिरी आली की खटकतं. त्यात पुन्हा "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास". दुखावल्या असल्यास! म्हणजे दुखावल्या की नाही हेही अजून ठरायचंय.

माफी शब्दाचा आणखी एक पदर आहे: फीमाफी, कर्जमाफी. तिथे कोणी चुकलेलं नसतं. देणं असतं ते सोडलेलं असतं. माफी मागताना पण मला वाटतं आपण तेच मागतो. मी तुझं काही देणं लागतो, ते सोड. क्षमेत हा हिशेब नाही.

रानवारा

आडवाट, तुमच्या भेदाची खरी परीक्षा बघायची तर गरजेचं प्रकरण घ्या. "गरजवंताला अक्कल नसते" आणि "अडला हरी गाढवाचे पाय धरी". पहिली म्हण म्हणते अडलेल्या माणसाला दोष देऊ नका. दुसरी म्हणते अडल्यावर असं करावंच लागतं. म्हणजे एक सबब, एक समर्थन. भुकेल्यानं भाकरी चोरली तर तुमच्या कुठल्या खणात टाकणार?

विभावरी_वकील

याच प्रश्नावर १८८४ चा इंग्लंडमधला खटला आहे, आणि तो आजही कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मिन्योनेट नावाची छोटी शिडाची नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. दक्षिण अटलांटिकमध्ये ५ जुलैला बुडाली. कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर हा १७ वर्षांचा पोऱ्या, असे चौघे एका उघड्या होडीत. जवळ सलगमचे दोन डबे, गोडं पाणी नाही. एक कासव हाती लागलं ते पुरवलं. जवळजवळ तीन आठवड्यांनी, पार्कर समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडलेला असताना, डडलीनं स्टीफन्सच्या संमतीनं त्याला मारलं आणि तिघे त्याच्यावर जगले. ब्रुक्सनं संमती दिली नव्हती. चार दिवसांनी एका जहाजानं त्यांना उचललं.

किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना वाटलं, समुद्रावरची ही रीतच आहे. म्हणजे त्यांच्या डोक्यात ते समर्थन होतं. न्यायालयानं ते साफ नाकारलं. गरज हे खुनाचं समर्थन होऊ शकत नाही. नाहीतर कुणाचं आयुष्य कमी मोलाचं हे कोण ठरवणार? सर्वात दुबळ्या मुलालाच का निवडलं? फाशीची शिक्षा झाली. आणि मग ती कमी करून सहा महिन्यांची कैद करण्यात आली.

न्यायालयानं समर्थन फेटाळलं, आणि सहा महिन्यांवर आणणाऱ्यांनी त्या माणसांची अवस्था समजून घेतली. हे दोन वेगळ्या दारांतून झालं कारण इंग्रजी कायद्यात दुसरं दार न्यायालयात नव्हतंच. जर्मन दंड संहितेत ते आहे. तिथे कलम ३४ समर्थन देणाऱ्या गरजेचं आणि कलम ३५ दोष काढून घेणाऱ्या गरजेचं. धूर निघणाऱ्या घराचं दार ३४ मध्ये बसेल. जिवावर बेतलेल्या माणसानं स्वतःला किंवा जिवलगाला वाचवताना केलेलं बेकायदा कृत्य ३५ मध्ये. त्यात कृत्य बेकायदाच राहतं.

रानवारा, तुमची भाकरी मी ३४ च्या जवळ ठेवीन. भाकरीच्या मालकाचं नुकसान आणि एक जीव, यांचं माप करता येतं. होडीतल्या मुलाचं करता येत नाही.

पिंपळपान

विभावरी यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून छांदोग्य उपनिषदातली उषस्ति चाक्रायणाची गोष्ट सांगायलाच हवी. कुरुदेशात पिकं नष्ट झाली. उषस्ति पत्नीसह भटकत एका गावात आला. एक माणूस कुल्माष, म्हणजे हलकं कडधान्य, खात बसला होता. उषस्तीनं मागितले. तो म्हणाला, माझ्या पुढ्यात आहेत तेवढेच आहेत, उष्टे. उषस्ति म्हणाला, तेच दे. खाल्ले. मग त्या माणसानं पाणी पुढे केलं. उषस्ति म्हणाला, नको, उष्टं पाणी प्यायल्यासारखं होईल. तो चकित झाला: कुल्माष उष्टे नव्हते? उषस्तीचं उत्तर असं की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळेल.

आपद्धर्म म्हणतात तो हा. महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर मोठा भाग आहे, पण मला ही छोटी गोष्ट जास्त टोकदार वाटते. कारण ती समर्थनाची हद्द दाखवते. पहिल्या घासाला जी गरज समर्थन देते ती पहिल्या घोटाला देत नाही. गरज संपली त्या क्षणी समर्थन संपलं. पाणीही प्याला असता आणि वर "आपत्काल होता" म्हणाला असता, तर त्या क्षणापासून आपत्काल ही सबब झाली असती, आजच्या बदनाम अर्थानं.

खडीसाखर

ही गोष्ट माहीत नव्हती. दोनदा वाचली. किती कडक माणूस. भुकेनं अर्धमेला झालेला असताना एवढं भान!

रानवारा

पटलं. माझा भाकरीचा प्रश्न दोन भाकऱ्यांचा केला की उत्तर बदलतं हे यातून कळलं.

पण मग "नाइलाज" कुठे ठेवायचा? "नाइलाजाने करावं लागलं" हे मराठी माणूस दिवसातून दहा वेळा म्हणतो.

जुना_कारकून

नाइलाज म्हणजे उपाय उरला नाही. खरोखर उरला नसेल तर त्याच्याइतका भारदस्त शब्द नाही. पण वरून आदेश आला म्हणून सही केली, याला लोक नाइलाज म्हणतात तेव्हा मला त्रास होतो. तिथे इलाज होता. लेखी आक्षेप नोंदवता येतो, टिपणीत "चर्चेप्रमाणे" न लिहिता प्रत्यक्ष आदेशाचा उल्लेख करता येतो. पुढे बदली झाली असती, मान्य. म्हणजे इलाज महाग होता, नव्हता असं नाही. महाग इलाजाला नाइलाज म्हणायचं नाही एवढं पाळलं तरी अर्ध्या फायली बोलक्या होतील.

नदीकाठ

जुना कारकून, महाग इलाज हे अगदी पटलं.

मला मूळ प्रश्नासाठी "कैफियत" सुचते. पिंपळपान, चूक असेल तर सांगा: अरबी "कैफ" म्हणजे "कसं". कैफियत म्हणजे कसं घडलं त्याची हकिगत. त्यात बरोबर-चूक आधी ठरलेलं नाही, खोटं असल्याचा वास नाही.

पिंपळपान

बरोबर आहे. जुन्या काळी गावांच्या, घराण्यांच्या कैफियती लिहिल्या गेल्या त्या याच अर्थानं, अथपासून इतिपर्यंतची हकिगत.

विभावरी_वकील

दिवाणी न्यायालयात प्रतिवादीच्या लेखी उत्तराला आम्ही आजही कैफियतच म्हणतो. पण तिथे तिच्यात सगळंच येतं: नकार, समर्थन, सबब. त्यामुळे ती आडवाट यांच्या दुसऱ्या गोष्टीचं नाव नाही, दोन्ही गोष्टी ज्या पेटीत येतात त्या पेटीचं नाव आहे. तसं बघितलं तर तेही हवंच होतं.

सायली_म

मग दुसऱ्या गोष्टीसाठी "अडचण" का नको? "सबब सांगतोय" आणि "अडचण सांगतोय" शेजारी ठेवून बघा. अडचण सांगणाऱ्यावर आपण आधी विश्वास ठेवतो. घरात, शाळेत, सगळीकडे प्रामाणिक सबबीला लोक अडचणच म्हणतात.

आडवाट

सायली, तुमचा शब्द सगळ्यात जवळचा. एवढंच की अडचण बहुधा न झालेल्या कामाला लागते. आलो नाही, दिलं नाही, पोचलो नाही. मी दुसऱ्याची पिशवी नेली यात अडचण काय होती असं कोणी विचारलं तर उत्तर नाही. तिथे अजाणता, नकळत, गैरसमजानं हेच. म्हणजे न केलेल्याला अडचण, केलेल्याला ही क्रियाविशेषणं, दोन्हींना मिळून तुमचं "माझ्या हातून".

लिहिताना मी असं ठरवलंय: माणसानं चूक नाकारली, कृती योग्य म्हटली, तरच "समर्थन". चूक मान्य करून परिस्थिती सांगितली तर "खुलासा", जुना कारकून यांच्या अर्थानं. "सबब" फक्त तेव्हा, जेव्हा ती खोटी असल्याचं माझ्याकडे काही आहे. नाहीतर शब्द वापरूनच मी निकाल दिला असं होतं, आणि ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला ते खोडायची संधीही नसते.

समर्थनाबद्दल एक राहिलं. हल्ली "आंदोलनाला समर्थन" म्हणतात तिथे पाठिंबा अभिप्रेत असतो. त्यामुळे "त्यांनी दगडफेकीचं समर्थन केलं नाही, आंदोलनाचं केलं" यासारखी वाक्यं धड कळत नाहीत. पाठिंबा हा चांगला शब्द असताना समर्थनावर हा भार कशाला? याबद्दल कोणाचं वेगळं मत असेल तर लिहा.

पिंपळपान

वेगळं मत नाही, एक भर. पाठिंब्याला "ला" लागतो, समर्थनाला "चं". आंदोलनाला समर्थन असं ऐकलं की समजावं, तिथे पाठिंबा बसतो. दगडफेकीचं समर्थन म्हटलं की जाब विचारला गेलाय आणि उत्तर दिलं गेलंय. प्रत्यय बघितला तर बहुतेक वेळा गोंधळ होत नाही, पण बातमीचा मथळा लिहिणाऱ्यानं तो बघायला हवा.

विभावरी_वकील

मथळ्यांचं निघालंच आहे तर "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" यावर वेगळा धागा काढा कोणीतरी. कबुली, कबुलीजबाब आणि जबाब या तिघांचा तर याहून मोठा गोंधळ आहे. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे मथळा वाचणाऱ्याला कळतच नाही.

आडवाट

तुम्हीच काढा, विभावरी. मी पहिला प्रतिसाद देतो.